पाच नंबरची मीटरपट्टी

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
रविवार, दुपार

प्रिय वाणी,

तुझं प्रयोगांचं पुस्तक मंगळवारी पोचलं. त्यानंतर तू चार वेळा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही. उचलला असता तर एकतर मी ओरडले असते, नाहीतर नेहमीसारखी 'छान झालंय गं' म्हणून मोकळी झाले असते. दोन्ही मला नको होतं, म्हणून लिहायला बसले. तुमच्या घरात मराठी बोलायची, लिहायची नाही. माझं अक्षर लावायला तुला वेळ लागणार हे मला ठाऊक आहे. लागू दे. मला तुळजाबद्दल लिहायचंय. आठ वर्षांपूर्वी माझ्या दहावी 'ब'मध्ये होती, खिडकीशेजारच्या बाकावर बसायची, ती तुळजा.

आधी पुस्तकाबद्दल बोलते, कारण ते खरंच देखणं झालंय. अगरबत्तीच्या खोक्यांचा आपला पेरिस्कोप, टंबलरच्या तळाशी नाणं ठेवून वरून पाणी ओतायचा खेळ, कंगव्याच्या दातांतून पाडलेले टॉर्चचे किरण, सगळं आलंय. मरीनाच्या वाळूत तीनशे मीटरवरून पत्र्याचा डबा बडवून आवाजाचा वेग मोजला होता, तेही आहे. त्या दिवशी फुगेवाल्यांनी आपल्याला वेड्यात काढलं होतं, ते मात्र तू गाळलंस. मी मिरजेहून आले तेव्हा या शाळेच्या प्रयोगशाळेत एक कुलूपबंद कपाट आणि त्याची हरवलेली किल्ली एवढंच होतं. मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. तू पहिल्याच दिवशी तुझ्या तंजावुरी मराठीत बोललीस, मला अक्का म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी फुलवालीकडून गजरे बांधायचा केळीच्या सालीचा दोरा घेऊन आलीस, लंबक टांगायला. तू शाळा सोडेपर्यंत अकरा वर्षं आपण त्या खोलीत काढली. नवऱ्यापेक्षा जास्त मी तुझ्याशी बोलले असेन. हे सगळं मी विसरलेले नाही. म्हणूनच तर एवढं लागलं.

मग पान अठ्ठेचाळीस. मीटरपट्टी मध्यावर टांगून दोन्ही बाजूंना वजनं अडकवायचा प्रयोग, आणि खाली चौकटीत शिक्षकांना सूचना: विद्यार्थ्याचे रीडिंग जसे येईल तसेच लिहू द्यावे, पुस्तकातल्या उत्तराशी जुळवून घेण्यास भाग पाडू नये. हे वाक्य लिहिताना तुझा हात थांबला नाही का गं? मी ते तीनदा वाचलं आणि पुस्तक पालथं घातलं.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट सांगते. मे महिन्यात आपली प्रयोगशाळा रिकामी केली. तिथे मोठा पडदा लावून स्मार्ट वर्ग करणार आहेत. भंगारात काय द्यायचं आणि काय ठेवायचं हे बघायला हेडमिस्ट्रेसबाईंनी मलाच बसवलं. मीटरपट्ट्या आठ. पाच नंबरच्या पट्टीच्या शून्याच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती. मी इतकी वर्षं ती बघत होते, टोक चिरलं असेल म्हणून सोडून देत होते. उन्हाळ्यानं तिचा डिंक सुटला होता, हात लावला तर उलगडतच गेली. आत लाकूड किड्यानं पोखरलेलं, आणि हलकं झालेलं ते टोक जड करायला त्यावर सोल्डरच्या तारेचे घट्ट वेढे. त्या वेढ्यांखाली एक चिठ्ठी चिकटवलेली. आपलाच नियम होता ना, दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूवर तारीख आणि सही? तू चोरून दुरुस्ती केलीस, पण नियम काही मोडवला नाही तुझ्याच्यानं. चिठ्ठीवर बारा फेब्रुवारी होती, आणि तुझी ती लांब शेपटीची सही.

घरी येऊन मी त्या वर्षीची डायरी काढली. बारा फेब्रुवारी, सोमवार: 'तुळजा, पट्टी परत टांगून दाखवणे.'

तुला आठवतंय ना सगळं? त्याआधीच्या शुक्रवारी तुळजानं वहीत लिहिलं की पाच नंबरची पट्टी पन्नासवर तोलत नाही, एक्कावन्न पूर्णांक चारवर तोलते. मी तुझ्या तुकडीच्या वह्या काढल्या. त्याच पट्टीवर प्रयोग केलेल्या तुझ्या सगळ्या मुलींचं रीडिंग पन्नास. मी तुळजाला विचारलं तर ती म्हणाली, टीचर, त्यांनी लिहायचं म्हणून लिहिलंय, कुणी बघितलंच नाही. दहावीतली पोर दुसऱ्या तुकडीला खोटं ठरवते म्हणून माझं डोकं फिरलं. मी पट्टी हातात घेतली नाही, वाणी. दोन मिनिटांचं काम होतं. दोरा बांधायचा आणि बघायचं. पण समोर तुझ्या तुकडीच्या वह्या होत्या आणि तुझ्यावर माझा विश्वास होता. संध्याकाळी बस स्टॉपवर मीच तुला सांगितलं की सोमवारी तिला सगळ्यांसमोर टांगायला लावते, म्हणजे शहाणपणा उतरेल. तू म्हणालीस, जाऊ दे ना अक्का, लहान आहे. मला वाटलं, केवढी मायाळू आहे ही.

सोमवारी तिनं पट्टी टांगली. पट्टी पन्नासवर उभी राहिली. आडवी, स्थिर, पाठ्यपुस्तकातल्या चित्रातल्यासारखी. मुली हसल्या. तुळजानं दोरा सोडून परत बांधला, पुन्हा पन्नास. ती पट्टीकडे बघत राहिली, मग दाराकडे बघितलं. दारात तू होतीस. मी तिला म्हणाले, आता सगळ्यांची माफी माग. तिनं मागितली. माझ्यासमोर बसून वहीतला आकडा रबरानं खोडला. आपल्या प्रयोगशाळेत खोडायचं नाही, एक रेघ मारून पुढे जायचं, हे मीच शिकवलेलं. त्या दिवशी मीच तिच्या हातात रबर दिला. पुढच्या वर्षी तिनं कॉमर्स घेतलं. वर्गात पहिली येणारी मुलगी, मी नुसती हळहळले आणि विसरले.

तू का केलंस ते मी शोधून काढलं नाही, पण कळतं मला. प्रॅक्टिकल परीक्षा पंधरा दिवसांवर होती. पट्टी चुकीची निघाली असती तर तुझ्या चाळीस मुलींनी न बघता पन्नास लिहिलंय आणि तूच लिहायला सांगितलंयस, हे उघडं पडलं असतं. घाबरलीस. माणूस घाबरतं. तू शुक्रवारी बस स्टॉपवर मला सांगितलं असतंस तर मी दोन दिवस धुमसले असते, तिसऱ्या दिवशी आपण दोघींनी मिळून तुळजाचं कौतुक केलं असतं. एवढंच झालं असतं गं. तेवढंही तू होऊ दिलं नाहीस.

गेल्या शनिवारी मी तुळजाला शोधून भेटले. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात डिस्पॅचचं काम बघते. सुट्टी म्हणून घरी होती, देवळामागच्या त्याच घरात. तिनं कॉफी केली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी टेप आणि चिठ्ठी पर्समधून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, तुझं रीडिंग बरोबर होतं, मला मे महिन्यात कळलं, मला माफ कर. सगळं एका दमात बोलले. तिनं चिठ्ठी उचलून तारीख वाचली. मग म्हणाली, टीचर, मला त्याच संध्याकाळी माहीत होतं. वाणी टीचर घरी आल्या होत्या ना.

वाणी, तू त्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या घरी गेलीस. तिच्यासमोर रडलीस. तिला सांगितलंस की हे आम्ही दोघी टीचरनी मिळून ठरवलं, शाळेची अब्रू होती, प्रमोदिनी टीचरनाही फार वाईट वाटतंय, पण त्यांना स्वतः येववत नाही. तू माझ्या नावानं तिची माफी मागितलीस. आठ वर्षं ती मुलगी मला रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करायची, आणि मनात धरून होती की मला सगळं माहीत असताना मी तिला वर्गासमोर उभं केलं, हसू दिलं, हातात रबर दिला. गेल्या दिवाळीला तिनं मला मुरुक्कूचा, आपल्या चकल्यांसारख्या, डबा आणून दिला होता. मी मजेत खाल्ले.

मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं की मला माहीत नव्हतं. ती हसली, परवाइल्ले टीचर म्हणाली, असू दे, जुनं झालं, म्हणजे खोटं बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आपण जसं सांभाळून घेतो तसं. दारापर्यंत सोडायला आली. तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही, आणि का बसावा? हे पत्र त्यासाठी आहे. माझी माफी मागू नकोस, मला ती नको आहे, फोनही करू नकोस. तुळजाचा नंबर कागदाच्या मागे लिहिते. तिला फक्त एवढं सांग की प्रमोदिनीला माहीत नव्हतं. माझ्याबाबतीत ही एक गोष्ट आता मी कितीही सांगितली तरी खरी ठरत नाही. ती तूच सांगू शकतेस.

तुझ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवलेली,
प्रमोदिनी