जावईबापूंसाठी बुफे

१ मे १९८३, रविवार. सकाळी नऊ.

सिमेंट कंपनीनं जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी आज उघडली. चार महिने कोरे गेले. हरकत नाही. इथं लिहीन ते कुणाला दाखवायचं नाही, म्हणून खरंच लिहिणार.

नव्या जिल्ह्याचा पहिला महाराष्ट्र दिन. झेंड्याला गेलो होतो. लातूर जिल्हा होऊन साडेआठ महिने झाले तरी लोक पेढ्यांवर तुटून पडतात. नुसत्या पाट्या बदलून जिल्हा होत नाही, माणूस बदलावा लागतो. सुरुवात स्वतःपासून. ठराव: या उन्हाळी सुट्टीत आपल्या घरचा पाहुणचार जिल्ह्याला शोभेल असा करायचा. स्टाइलमध्ये.

घर तर शोभतंच. गंजबाजारात पोती मोजणाऱ्या या शिवमूर्तीनं स्वतःचं सॅनिटरीचं दुकान काढलं, मागं बंगला बांधला. बाथरूममध्ये तीन नळ, त्यातला एक गरम पाण्याचा. पाणी आठ दिवसांनी येतं, हा नळांचा दोष नाही.

३ मे, मंगळवार.

नांदेडहून विहीणबाईंचं पत्र. दोन वर्षांनी. लेक शिवकांता, जावई मन्मथराव, नात उमा आणि स्वतः विहीणबाई दहा तारखेला येणार. बायकोनं, दानम्मानं, माझ्याकडून पत्र चार वेळा वाचून घेतलं. शेवटच्या ओळी तिला आता पाठ आहेत: पोराचा मान नीट झाला तर सून अन् नात मृगापर्यंत माहेरी ठेवीन. न्हाई तर सोबतच माघारी घेऊन जाईन.

लेक दोन वर्षं का आली नाही, याचं मला नवलच आहे. मागच्या खेपेला मी मन्मथरावांना म्हणालो, जावईबापू, दहा मिनिटं गल्ल्यावर बसा, आणि आत जरा आडवा झालो. दोन तास डोळा लागला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्यांनी त्याला कमोड दाखवला. आता जो माणूस इंजिनिअर होऊन विष्णुपुरीला एवढं धरण बांधून राहिलाय, त्याला कमोडचं वावडं कशाला? शिवाय गिऱ्हाईकानं तो घेतला नाही. तरी मी जावयाला एका शब्दानं बोललो नाही.

दानम्मा माळ्यावरून कुरडयांचे डबे काढता काढता गुणगुणत होती. तिचा आवाज अजून शाबूत आहे.

५ मे, गुरुवार.

कटिंगच्या दुकानात इंग्रजी मासिक चाळलं. एका चित्रात बाया-माणसं हातात बशा घेऊन उभी, मधे लांब टेबल, टेबलावर फुलं, सगळे हसून राहिले. बाजूच्या खुर्चीत कलेक्टर कचेरीतले शेषेराव कारकून दाढीला बसले होते. त्यांनी फेसातूनच सांगितलं, त्याला बुफे म्हणतात, मोठे साहेब लोक असंच जेवतात, ज्याचं त्यानं घ्यायचं. मी विचारलं, साहेब आमच्याकडं येतील का? ते म्हणाले, दुष्काळी कामाच्या दौऱ्यावरून येताना घेऊनच येतो की, त्यात काय.

डोक्यात लख्ख उजेड. पंधराला बसव जयंती. संध्याकाळी अंगणात मांडव, मांडवात बुफे. जावयाच्या पंक्तीला जिल्ह्याचा साहेब! एवढा मान नांदेडात कुणाच्या बापानं बघितला नसेल. कागदी बशा आणल्या की भांडी घासायचं पाणीही वाचतं.

८ मे, रविवार. दुपार.

दानम्माची तालीम घेतली. बजावून सांगितलं, बुफेत आग्रह नसतो. अजून एक घ्या, अर्धी तरी, माझी आण हाय, हे सगळं बंद. पाट नाही, वाढणं नाही. कुणाला चला जेवायला असंही म्हणायचं नाही, ज्यानं त्यानं उठायचं. ती म्हणाली, अहो, जावयाला तरी वाढू द्या. मी म्हणालो, एकाला वाढलं की लाइन बिघडते. ती म्हणाली, बरं, गव्हाच्या गोड हुग्गीवर तूप तरी? मी म्हणालो, तुपाचं भांडं टेबलावर, बाजूला चमचा. त्यावर म्हणते, चमचा काय 'घ्या जावईबापू' म्हणतो का?

बायकांना पॉइंट उशिरा समजतो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा डोळे वटारले. गप्प बसली. म्हणजे पटलं.

१० मे, मंगळवार.

टँकर यायचा होता, आला नाही. पाहुणे यायचे होते, आले. बंगला फिरून दाखवला. विहीणबाईंनी गरम पाण्याचा नळ सोडून बघितला. आतून घरघर आवाज करत हवा आली. म्हणाल्या, इवाई, वारा मातूर गरम हाय. बाई रोखठोक आहे, पण चांगल्याला चांगलं म्हणते.

माझे कान तिखट. गंजात तीन दुकानं पलीकडचा भाव ऐकून मी धंदा शिकलो. दुपारी स्वयंपाकघरातून ऐकू आलं, शिवकांता आईला सांगत होती, अव्वा, ह्यांच्याकडं तूच बघ, माझा सगळा महिना तुझ्या हातात हाय. अप्पांना काही करू देऊ नको. लेकीला बापाच्या तब्येतीची केवढी काळजी!

१३ मे, शुक्रवार.

तीन दिवस दानम्मा जावयाला पाटावर बसवून जुन्या पद्धतीनं वाढून राहिली. ताटाभोवती रांगोळी, तूप स्वतःच्या हातानं, नको म्हटलं की दोन जास्त. जावई खुलले आहेत. आज उमाला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचवलं. विहीणबाई आपणहून म्हणाल्या, सून अन् नात ठेवून जाते, मला सोमवारच्या गाडीत बसवून द्या. दानम्मा देवघरात जाऊन डोळे पुसून आली.

साध्या पाटावर एवढं, तर बुफेनं काय होईल!

१५ मे, रविवार. बसव जयंती. दुपारी चार.

टेबल मांडलं. कागदी रुमालांची कमळं केली, उमानं त्यांच्या होड्या केल्या, पुन्हा कमळं केली. आमरस, हुग्गी, भजी, कुरडया, मसालेभात. दानम्मानं शेवटचं विचारलं, एक पाट मांडू का कोपऱ्यात? नाही म्हणजे नाही.

फाटक सताड उघडं ठेवलंय. स्टाइल.

१६ मे, सोमवार. सकाळी सहा.

प्रोग्राम जोरदार झाला. तपशील लिहून ठेवतो.

साहेब साडेसातला आले. जीपमधून आणखी सहा माणसं. दिवसभर उन्हात कामं तपासून आलेले, धुळीनं भरलेले. पण सवय असली की कसं दिसतं बघा, कुणाची वाट न बघता सरळ टेबलाला भिडले. ड्रायव्हरनं तर दोन बशा घेतल्या.

आपली माणसं मात्र भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी. गंजातले व्यापारी, शेजारी, सगळे. कुणीतरी चला म्हणेल याची वाट बघून राहिलेले. मी म्हणालो नाही. नियम म्हणजे नियम. जावई आणि विहीणबाई खुर्च्यांवर बसून. विहीणबाईंनी विचारलं, हात कुठं धुवायचे? मी कमळ देऊन म्हणालो, धुवायचे नाहीत, पुसायचे. दानम्मा पातेल्याशी, पदर तोंडाला लावून. दोनदा पळी उचलली, दोनदा मी मान हलवली.

शेवटी मन्मथराव आपणहून उठले, बशी घेतली आणि रांगेत ड्रायव्हरच्या मागं उभे राहिले. मला अभिमान वाटला. शिकलेला माणूस! त्यांची पाळी आली तेव्हा रस संपला होता, हुग्गी खरवडून दोन चमचे निघाली. भज्यांचा चुरा होता. उमानं विचारलं, अज्जा, बाबा लाइनीत का? मी म्हणालो, बेटा, याला बुफे म्हणतात.

जाताना साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, दुष्काळात स्वतःच्या दारात अन्नछत्र काढणारा व्यापारी मी या जिल्ह्यात पहिल्यांदा पाहिला. जळकोटकडंही सुरू करा. दुष्काळी कामावरच्या बायांना मी आजच सांगतो. मग मन्मथरावांच्या पाठीवर हात ठेवून आपुलकीनं विचारलं, काय रे, पोटभर मिळालं ना?

जावईबापूंनी बशी तशीच टेबलावर ठेवली आणि आत गेले. साहेबानं पाठीवर हात ठेवल्यावर कुणाला भूक उरते?

नंतर भिंतीपलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, उपाशी ठिवलं ते ठिवलं, वरून माझ्या पोराला भिक्षेला लावलं. कुणाबद्दल होतं, नीट लागलं नाही. दुष्काळात काय काय ऐकायला मिळतं. बाई मनानं हळवी.

त्याच दिवशी. दुपारी दोन.

आठ वाजता फाटकाशी वीस-पंचवीस बाया, हातात जर्मनच्या थाळ्या. साहेबानं पाठवलं म्हणाल्या. घरात तयार काहीच नाही. उद्या या, असं सांगायला मी पुढं झालो. त्याआधीच दानम्मा बाहेर आली. मला विचारलं नाही. अंगणात पोती अंथरली, बायांना ओळीनं बसवलं, शिवकांताला भाकऱ्या थापायला लावलं आणि पिठलं घेऊन वाढत सुटली. घे गं बाय. एवढ्यानं काय होतंय? अजून अर्धी. माझी आण हाय तुला. कालपासून कोंडलेलं सगळं अर्ध्या तासात बाहेर पडलं. पिण्याच्या पाण्याचा रांजण उपसला गेला. मी रांजणाबद्दल दोनदा बोललो. कुणाचं लक्ष नव्हतं.

विहीणबाईंचं बोचकं बांधून झालं होतं. दारात उभ्या राहून बघत होत्या. मग पदर खोचला आणि भाकरीची टोपली उचलली.

बाया गेल्यावर दोघी ओट्यावर बसल्या. विहीणबाई म्हणाल्या, याहीणबाई, तुमच्या हातात मान हाय, पण ह्या घरात तुम्हाला वाढायची मना हाय. मी सून ठेवत न्हाई इथं. तुम्हीच चला आमच्याकडं. मृगापर्यंत लेकीपाशी राहा.

बोलायची एक रीत असते. लेकीच्या सासरी कुणाची आई महिना काढते का?

संध्याकाळी सहा.

सगळे साडेचारच्या गाडीनं गेले. कारण पाण्याचे हाल. समजूतदार माणसं. जावईबापू पाया पडले. दानम्मा स्टँडवर पोचवायला गेली आहे. जाताना ट्रंक कशाला घेतली, ते विचारायचं राहिलं.

१७ मे, मंगळवार.

गाडीत गर्दी असेल, उमा रडली असेल, म्हणून दानम्मा सोबत नांदेडपर्यंत गेली असणार. उद्या येईल.

सकाळी थाळ्यावाल्या बाया आल्या होत्या. बाई कुठं हाय, विचारलं. नाही म्हटल्यावर थांबल्या नाहीत. मी घरात होतो.

२१ मे, शनिवार.

पाणी आलं. पहाटे चारला येऊन पाचला गेलं. कोणता नळ सोडून कशात भरायचं असतं, हे माझं खातं नव्हतं. तिन्ही नळ सोडले. गरम पाण्याच्या नळाला पहिल्यांदा पाणी आलं. भांडं सापडेपर्यंत मोरीतून वाहून गेलं.

शेषेराव भेटले. साहेब अजून नाव काढतात म्हणे. अन्नछत्रवाले शिवमूर्ती.

२४ मे, मंगळवार.

कार्ड आलं. शिवकांताचं अक्षर: अव्वा मजेत. उमा तिच्याजवळच झोपते. तुम्ही वेळेवर जेवत जा.

कधी येणार, ते लिहायचं विसरली. पोस्टकार्डावर जागा कमीच असते.

ठराव: रविवारी स्वतः नांदेडला जाणार. चार दिवस राहणार. जावयाशी मोकळं बोलणार, चूक कुणाचीही असो, मी मोठेपणा घेणार. येताना दानम्मा, शिवकांता आणि उमा, तिघींना घेऊन येणार. विहीणबाई ऐकतील. आजवर असं गिऱ्हाईक नाही जे माझ्यापुढं टिकलं.

३० मे, सोमवार. लातूर.

काल अकराला नांदेडला पोचलो. विहीणबाईंनी दारातच पायांवर पाणी घातलं. पाट, पाटाभोवती रांगोळी, समईसुद्धा. मन्मथराव स्वतः वाढायला. घ्या अप्पा. एवढी तरी घ्या. तुम्ही काही खाल्लंच न्हाई. तूप थांबेना. बोलायला तोंड उघडलं की त्यात पोळी. मी मनाशी जुळवून आणलेलं सगळं तसंच गिळलं.

दानम्मा बाहेर आली. चेहऱ्यावर तेज आलंय. पाणी आलं होतं का, म्हणाली. मी म्हणालो, आलं होतं. बरं, म्हणाली. मी हळूच विचारलं, मग निघायचं का गुरुवारी, सगळ्यांनी? ती उमाची वेणी घालत होती. म्हणाली, मृगाचं बघू. कोणत्या वर्षीच्या, ते विचारायचा धीर झाला नाही.

माझे कान तिखट. हात धुताना आतून तिचा आवाज आला. विहीणबाईंना सांगत होती, आता पुरे करा बाई, त्यांना पाचची गाडी गाठायची हाय.

मी पाचच्या गाडीचं कुणापाशी काही बोललो नव्हतो. पिशवीत चार दिवसांचे कपडे होते.

गाडी अगदी वेळेवर सुटली. अशी कधी सुटत नाही.