दियाच्या किल्ल्याची दुरुस्ती

ऊद मेथा, दुबई
२२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

प्रिय शैलेंद्र,

आम्ही दोघी मजेत. तुझ्या ऑफिसचे वासुदेवराव शुक्रवारी लिबियाला निघालेत, त्यांच्याबरोबर चिवडा, चकल्या आणि हे पत्र पाठवतेय. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर मला मध्येच तोडायला तू नसतोस.

खोम्सच्या बंदरात आणखी एक वर्ष राहू का, असं तू विचारलंस आणि मी 'तुझी मर्जी' असं कळवलं. त्यावर इथे काही लिहिणार नाही. दियाच्या किल्ल्याची गंमत सांगते.

इथल्या मराठी मंडळाच्या किल्ला स्पर्धेसाठी सगळ्या मुलांनी रायगड नाहीतर प्रतापगड केला. तुझ्या लेकीने तू पाठवलेले फोटो बघून तुझ्या बंदराशेजारचं ते रोमन शहर बाल्कनीत उभं केलं. खडूंचे खांब, निम्मे आडवे. अर्धगोल नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर मावळे प्रेक्षक म्हणून बसवले. महाराज अर्थातच पहिल्या रांगेत.

रविवारी ती क्लासला गेली आणि मी पहिल्यांदाच बाल्कनीत डोकावले. खांब पडलेले, कमान फुटलेली. मला वाटलं, कबुतरांनी घात केला. परीक्षक पाचला येणार होते. फेव्हिकॉल घेऊन बसले आणि तीन तासांत एकूण एक खांब उभा केला. कमान गेरूने रंगवली, वर भगवा लावला. फार समाधान वाटलं.

दिया आली आणि मटकन खाली बसली. "मम्मा, यू रिपेअर्ड इट? इट्स सपोज्ड टू बी ब्रोकन."

"मोडलेलं दिसलं की माझे हात थांबत नाहीत, त्याला मी काय करू?"

मग दोघींनी मिळून ते शहर वीस मिनिटांत पुन्हा पाडलं. फेव्हिकॉल वाळला होता, लाटणं घ्यावं लागलं.

परीक्षक म्हणजे मंडळाचे सतीशकाका. त्यांनी चष्मा सावरून विचारलं, "चढाईची वाट कुठून?"

"नो चढाई, अंकल. पपा गोज बाय कार."

"बरं, किल्लेदार कोण?"

तिने बंदराच्या टोकाला उभा असलेला एकटा मावळा दाखवला. त्याची पगडी तिने पिवळी रंगवली होती, सेफ्टी हेल्मेट म्हणून. "दॅट्स माय डॅड."

काकांनी फॉर्मवर 'किल्ला अपूर्ण' असं लिहून उत्तेजनार्थ बक्षीस दिलं.

खरं सांगू? दुरुस्तीच्या भरात त्या मावळ्याला मी उचलून नाट्यगृहात सगळ्यांबरोबर बसवलं होतं. दियाने त्याला परत टोकाला नेऊन ठेवलं. म्हणाली, "ही इज ऑन ड्यूटी." मला रडू आलं, पण लाटणं चालू असल्यामुळे तिला कळलं नाही.

आज निरांजन लावून ताट घेऊन हॉलमध्ये आले तर ओवाळायला समोर नुसता सोफा. दिया म्हणाली, व्हिडिओ कॉल कर. नाही केला. माझा चेहरा दिसला असता.

'तुझी मर्जी' हे मी रागाने लिहिलं होतं. माझी मर्जी ही, की तू त्या मुदतवाढीच्या कागदावर सही करू नकोस. पाडव्याची ओवाळणी म्हणून मला एवढंच हवंय.

पिवळ्या हेल्मेटवाला चिवड्याच्या डब्यात तळाशी आहे. दियाने स्वतः ठेवलाय आणि परत मागितलाय. कुरिअरने पाठवलेला चालणार नाही म्हणते.

ताट अजून तसंच मांडून ठेवलेली,
तुझी सुजाता