इस्त्री केलेलं पुस्तक

दादा,

तुझ्या पुस्तकाला मी इस्त्री केली. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे. तू हयात नाहीस, त्यामुळे पत्र पोस्टात टाकायचा प्रश्न नाही.

वारज्याची एक प्रकाशिका, नम्रता, तुझं ‘चुरगळ’ पुन्हा काढायचं म्हणते. तुझ्या हातची एकच प्रत उरली आहे आणि ती माझ्या कपाटात असते. बाहेरचं माणूस पाहायला येणार, म्हणून मी सगळी पानं इस्त्रीने सरळ केली. आपल्या घरातून चुरगळलेली वस्तू कधी बाहेर गेलेली नाही.

नम्रता बराच वेळ पानं उलटत राहिली. मग म्हणाली, “काकू, यात शब्द नाहीत. सुरकुत्या हेच पुस्तक होतं.”

“मग मुखपृष्ठावर तसं लिहायला काय झालं होतं त्याला?”

तिने पुस्तक मिटलं. पुस्तक मी घालवलं, आता तुझं नाव कोणी घेणार नाही, असं मला वाटलं आणि चहा ठेवायच्या निमित्ताने मी आत गेले. परत आले तर तिने एक पान खिडकीशी धरलं होतं.

“सुरकुत्या अजून दिसतात. असंच छापू. पण इस्त्री करणारीचंही नाव घालावं लागेल.”

मला कलेतलं काही कळत नाही, असं तू जन्मभर म्हणायचास. मी नको म्हटलं नाही. तुझं नाव वर राहील, एवढं बजावलं आहे.

शशिकला

आज नम्रताच्या हाती दिलं: पुस्तक एक, पानं सगळी. शेवटचं पान मी सकाळी पुन्हा चुरगळलं होतं. तुझ्याइतकं नीट जमलं नाही.