हिरवा ठिपका दिसेल असा मॉनिटर

१२ नोव्हेंबर

प्रिय ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद, तुला हवे असोत-नसोत.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतोस, म्हणून आता कागद. पत्ता तुझ्या मित्राकडून काढला. त्याच्यावर ओरडू नकोस, मी त्याला जवळजवळ धमकीच दिली होती. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, जीभ उत्तम चालते. बाबा बरे आहेत.

कामाचं बोलते. तुझा मॉनिटर गेला. आधी उजव्या कडेला एक उभी जांभळी रेघ आली, मग तिला सोबत आली, मग सगळा पडदा लुकलुकायला लागला आणि मागच्या बुधवारी कायमचा काळा. दुरुस्तीवाल्याने मागून उघडून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "ताई, याच्यावर खर्च करण्यापेक्षा नवा घ्या." माझं ऑफिस तू गेल्यापासून घरूनच चालतं. दिवसभर मालवाहतुकीची बिलं, तक्त्यावर तक्ते, मुंगीएवढी अक्षरं. सध्या लॅपटॉपच्या इवल्याशा पडद्यात डोकं घालून बसते आणि मान पार आखडलीय.

तर दुकानात गेले आणि बाबांना सोबत नेलं. हे माझं चुकलं.

दुकानदाराने परवडतील असे दोन काढून ठेवले. एक ऑफिसचा, त्याचा स्टँड वर-खाली होतो. दुसरा गेमिंगचा, त्यात चित्र सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा बदलतं म्हणे, त्यामुळे खेळताना फरफटल्यासारखं दिसत नाही. पण त्याचा स्टँड जागचा हलत नाही. मला पहिला पुरत होता. मी तो बांधायला सांगणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "गेमिंगचाच घ्यायचा."

मी बघतच राहिले. आपले बाबा! तुझ्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून "या घरात एक तर तो खोका राहील, नाहीतर तू" असं ज्यांनी तुला सुनावलं आणि तू खोका ठेवून निघून गेलास, तेच बाबा.

वर त्यांनी दुकानदाराला विचारलं, "यात माणसं दिसतात ना?"

"कसली माणसं, काका?"

"खेळातली. कोण आलंय, कोण नाही. नावापुढे हिरवा ठिपका असतो तो."

"तो काय, कुठल्याही मॉनिटरवर दिसेल."

"ऑफिसच्या मॉनिटरवर कसा दिसेल? ऑफिसात कोणी खेळतं का?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला, मी वरच्या पंख्याकडे. समजावून काही उपयोग झाला नाही. जन्मभर वजनकाट्यावर बसलेला माणूस. ट्रक स्वतः काट्यावर चढवल्याशिवाय यांनी कुणाचा आकडा मानला नाही, ते दुकानदाराचं काय ऐकणार? "ज्याला यातलं कळतं त्याला विचार," म्हणाले आणि निघाले. आम्ही हात हलवत परत आलो.

चालताना त्यांनी हळूहळू सांगितलं. मला थोडा संशय होताच, कारण रोज सकाळी माझी खुर्ची खाली सरकवलेली असायची. तू तुझ्या त्या खेळात माझ्या नावाने 'ताईसाहेब' असं खातं उघडून दिलं होतंस ना, पासवर्ड मॉनिटरच्या पाठीला चिकटवून? मी ते दोनदा उघडलं आणि कंटाळले. बाबा मात्र मी काम संपवून उठले की ते उघडून बसायचे. खेळत नाहीत रे. खेळातल्या त्या पहिल्या गावात विहीर आहे, तिथे नुसते उभे राहतात आणि तुझ्या नावापुढे ठिपका कधी हिरवा होतो ते बघतात. हिरवा झाला की "पोरगं जेवलं असेल, घरी आलं असेल" म्हणून उठतात. नाही झाला, तर नळ कोणी गळता ठेवला म्हणून आमचा उद्धार.

त्या मंगळवारी तू लिहिलंस, "ताई, तू आहेस का?" ते मी नाही, बाबा वाचत होते. त्यांना उत्तर द्यायचं होतं. काय दाबायचं ते कळेना, म्हणून जे हाताला लागलं ते दाबलं आणि ती ताईसाहेब विहिरीजवळ टणाटण उड्या मारायला लागली. तू खेळ बंद करून निघून गेलास. दुसऱ्या दिवशी मॉनिटर काळा. आता त्यांची ठाम समजूत अशी की तू त्यांना ओळखलंस म्हणून गेलास, आणि मॉनिटर त्यांच्या बटणं दाबण्याने बिघडला. दोन्ही गोष्टी मनाला लावून बसलेत. "मी म्हटलं ते रागात म्हटलं, एवढं तरी टाइप करता यायला हवं होतं," असं रस्त्यात म्हणाले आणि मग चप्पल चावते म्हणून थांबले. चप्पल जुनीच होती.

तेव्हा कुठला घेऊ, ते कळव. मला तुझी खूप आठवण येते आणि तितकाच रागही येतो. माझ्या मानेचा विचार कर.

तुझी,
ताई
(विहिरीजवळ कधीच उभी नसलेली)


२० नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. आईच्या गुडघ्यांना आणि जिभेलाही.

त्या दोन्हींतला कुठलाच घेऊ नकोस. चोवीस इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनलचा माग, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग उडत नाहीत. शंभर हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा चित्र बदललं, तरी भरपूर झालं, तो जुना कॉम्प्युटर एकशे चव्वेचाळीस ओढायचाही नाही. ऑफिसचा म्हणूनच विकतात, खेळायलाही चालतो, गेमिंगवाल्यापेक्षा स्वस्त पडतो. स्टँड मात्र वर-खाली होणाराच घे. त्या खुर्चीवर दोन उंचीची माणसं बसतात.

ठिपका त्यावर दिसतो. मी सांगितलंय म्हणून सांग, ऐकतील.

मॉनिटर बाबांमुळे गेला नाही. ती जांभळी रेघ मी असतानाच यायला लागली होती, मी टपली मारून घालवायचो. आणि मी त्यांना ओळखलं नव्हतं गं. तू माझी थट्टा करतेयस असं वाटलं आणि डोकं फिरलं, म्हणून बंद केलं. एरवी रोज तुला विहिरीजवळ बघून बरं वाटायचं. तू इतका वेळ गप्प उभी राहशील का, ही शंका मला यायला हवी होती.

पत्र मिळाल्या मिळाल्या मॉनिटर आणा आणि लावून ठेवा. लिहायचं असेल तर आधी एंटर दाबायचं, हे बाबांना दाखव. लांब बटण उडीचं, त्याला हात लावायचा नाही.

शनिवारी संध्याकाळी माझा ठिपका हिरवा दिसणार नाही. घाबरू नका म्हणावं, त्यांनी काही मोडलेलं नाही. मी गाडीत असेन. जेवायला थांबा.

तुमचा,
ठोंब्या