कष्टकरी सहकारी क्रिप्टो खाण (नियोजित), अल ऐन

२ मे, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची सुरुवात कोणी लिहून ठेवत नाही आणि मग शताब्दीच्या वेळी शोधाशोध होते. आपल्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाही.

निर्णय झाला. क्रिप्टो माइनिंग करायचं. पण एकटीने, स्वतःच्या फायद्यासाठी नाही. सहकारी तत्त्वावर! जगभरचे कॉम्प्युटर मिळून नाण्यांचा हिशेब ठेवतात आणि त्या बदल्यात त्यांना नवी नाणी मिळतात. हा सहकारच झाला की. कारखान्याला सभासद ऊस घालतात, इथे जुने फोन घालतील. गल्फमध्ये जुना फोन नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. गावी भाच्याला न्यायचा म्हणून प्रत्येकाच्या बॅगेत एक पडलेला असतो, आणि भाच्याला तो नको असतो.

उद्देश: गावात मुलींसाठी अभ्यासिका. बारावीचा अभ्यास मी पतपेढीच्या ओट्यावर बसून केला, कारण वाडीत भरवशाचा बल्ब तेवढा एकच. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट सहकाराच्या उजेडात झाली. आता माझी पाळी.

वीज-पाणी रूमच्या भाड्यात धरलेलं आहे. म्हणजे उत्पादन खर्च शून्य.

४ मे, रविवार

स्थापना सभा. स्थळ: आमच्या व्हिलाच्या गेटजवळची गाडीची शेड, कारण आत पुरुषांना मनाई. पुढच्या पिढ्यांसाठी नावं नीट लिहिते.

चेअरमन: किसनकाका. बाबांचे मित्र, आमच्याच वाडीतले, इथे एका कंपनीत शटरिंग कारपेंटर. निवड बिनविरोध. ते तेव्हा खजूर खात होते, पण विरोध केला नाही.

संचालक: सृष्टी, माझी रूममेट. जन्म अबू धाबीचा, आईबाबा अल रीम आयलंडला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. व्हॉटेव्हर यार, म्हणाली, जस्ट डोन्ट पुट माय नेम फर्स्ट.

मानद सचिव आणि तांत्रिक संचालक: मी. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबची असिस्टंट म्हटल्यावर दुसरं कोण?

तिसऱ्या बेडवरच्या शोभनाताई, मिरजेच्या, हॉस्पिटलात स्टाफ नर्स. त्या सभासद व्हायला तयार नाहीत. म्हणाल्या, माझा फोन मला बोलायला लागतो बाई, गाळायला नाही. हरकत नाही. विरोधी पक्ष असला की संस्था निरोगी राहते.

पैसे कोणाकडूनही घ्यायचे नाहीत, भागभांडवल फोनच. काकांनी खोलीतल्या मंडळींचे सहा आणले. सातवा माझा स्वतःचा, रोजच्या वापरातला. नेतृत्वाने आधी त्याग करावा.

आयत्या वेळचा विषय: काकांच्या आशाचा साखरपुडा. २५ मे, रविवार, इथल्या घड्याळात दुपारी चारला. काकांची रजा नामंजूर, स्लॅब आहे म्हणून. हरकत नाय, फोनवर बघीन, म्हणाले. पण त्यांचा फोन चाळीस टक्क्यांवर आला की पटकन बंद पडतो. ऐन अंगठीच्या वेळी पडला तर? म्हणून ते खोलीखालच्या जहूरभाईंच्या दुकानात बॅटरी बदलायला निघाले होते.

मी थांबवलं. बॅटरी बदलणं हा आपला हक्क आहे, दुकानदाराचा नाही. सचिव या नात्याने ते काम माझ्याकडे घेतलं. काका खूश झाले. तू शिकलेली गो बाय, म्हणाले, तुझ्यापेक्षा जहूरला काय जास्त कळणार?

हे वाक्य फ्रेम करून लावावंसं वाटतं.

५ मे, सोमवार

गळीत हंगामाचा शुभारंभ. सात फोन भांडी निथळायच्या जाळीत उभे केले. देव्हाऱ्यातल्या देवांसारखे दिसतात. उदबत्ती लावली. शोभनाताई म्हणाल्या, आधीच एवढे तापलेत, वर आणि उदबत्ती कशाला? ताटल्या कुठे ठेवू तेवढं सांग.

८ मे, गुरुवार

पहिलं उत्पन्न! शून्य, टिंब, पुढे शून्यांची रांग, आणि रांगेच्या शेवटी एक ठसठशीत तीन. तीन!

सृष्टीने हिशेब मांडला. म्हणे या स्पीडने अभ्यासिकेच्या दाराची कडी यायला दोनशे वर्षं लागतील. ती कॉमर्सची आहे. तिला सुरुवातीचा काळ धरता येत नाही.

१० मे, शनिवार

बाहेर चव्वेचाळीस. फोनना हात लावला की पोळतो. एसी चोवीसच्या खाली आणायला व्हिलाच्या मालकाची बंदी. पण उत्तर घरातच होतं. फ्रिज! सगळे फोन मधल्या कप्प्यात, वायरी दारातून बाहेर. दार जरा उघडं राहतं, त्याला सृष्टीचा योगा बेल्ट बांधला. मोठमोठ्या कंपन्या कूलिंगवर किती खर्च करतात!

११ मे, रविवार

फ्रिज प्रकरण. शोभनाताई नाइट ड्यूटीवरून आल्या, बांगड्याचं कालवण काढायला दार उघडलं, तर ते आंबलेलं. सात फोन घामाने डबडबलेले, आणि त्यातला एक पुरीसारखा फुगलेला. ताई ओरडल्या नाहीत. वॉर्डात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, मनाली, आधी सगळे स्विच बंद कर. मग म्हणाल्या, हे माझं कालवण होतं.

फुगलेला फोन त्यांनी चिमट्याने उचलून गच्चीवर वाळूच्या बादलीत ठेवला. वाळूची इथे टंचाई नाही.

तांत्रिक निष्कर्ष: माइनिंगचा दोष नाही. बॅटऱ्या जुन्या.

संध्याकाळी शेडमध्ये तातडीची सभा. ठराव क्रमांक दोन: सातही बॅटऱ्या संस्थेने स्वतः बदलाव्यात. काकांनी हळूच विचारलं, माझा फोन जहूरकडे देऊ काय? दोन आठवडेच राहिले. मी समजावलं की आधी सात फोनवर सराव होईल, मग काकांचा आठवा. डॉक्टरसुद्धा असेच शिकतात. शोभनाताई गेटमधून जाता जाता म्हणाल्या, हो, पण पेशंटला आधी विचारतात.

१४ मे, बुधवार

बॅटऱ्या आल्या. बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेट आला. व्हिडिओ तीनदा पाहिला. त्यातला माणूस बोलत नाही, नुसते हात दिसतात. हात माझ्यासारखेच आहेत.

१६ मे, शुक्रवार

पहिला फोन उघडला! सृष्टीच्या हेअर ड्रायरने पाठ गरम केली. फटीत घालायला पातळ, कडक काहीतरी हवं होतं. माझं कॉलेजचं आयकार्ड, लॅमिनेशन केलेलं. फोटोतली मी हसत हसत आत गेले. शिक्षणाचा उपयोग कुठे होईल सांगता येत नाही.

पाठ परत बसवल्यावर फोन सुरू झाला नाही. पण उघडला तर!

१७ मे, शनिवार

आज सगळे उघडले, माझासुद्धा. स्क्रूंची व्यवस्था आदर्श: शोभनाताईंच्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात, आपले सात फोन. मोहरी, हळद वगैरे काढून कागदावर ठेवली. प्रत्येक फोनच्या वाटीत त्याचेच स्क्रू. अशी शिस्त व्हिडिओतल्या माणसाकडेही नव्हती.

फुगायला लागलेल्या सगळ्या बॅटऱ्या ताईंनी वाळूत पुरल्या. नव्या बसवायला घेतल्या, तर सातांपैकी पाच दुसऱ्याच मॉडेलच्या निघाल्या. ऑर्डर करताना मी शेवटचं एक अक्षर दुर्लक्षिलं होतं. अक्षरंच एवढी बारीक छापतात.

१८ मे, रविवार

ज्या दोनांत बॅटरी बसली, तेही लागत नाहीत. फ्रिजमधलं पाणी आत गेलंय म्हणे. ही बातमी सृष्टीची, तिने इंटरनेटवर वाचली.

म्हणजे संस्थेकडे सध्या चालू फोन नाही. माझाही नाही. खरं तर मन फार शांत आहे. आईला सृष्टीच्या फोनवरून कळवलं की डिजिटल उपवास चालू आहे. आई म्हणाली, संध्याकाळी काहीतरी खा.

काका येऊन गेले. तयारीविषयी विचारलं. नव्वद टक्के झाली म्हणून सांगितलं. त्यांनी साखरपुड्यासाठी नवीन शर्ट घेतलाय, पिस्ता रंगाचा. आशाने सांगितलंय, बाबा, फोन उंच धरा, नाहीतर फक्त नाकपुड्या दिसतात. पूर्ण शर्ट दिसला पाहिजे. काका हाताच्या लांबीवर फोन धरून दाखवत होते. चाळीस टक्क्यांवर बंद पडला, तरी धरूनच होते.

शनिवारी फोन माझ्याकडे ठेवतील. त्यांच्या मॉडेलची बॅटरी मी अक्षर न अक्षर तपासून मागवली आहे.

२३ मे, शुक्रवार

किरकोळ अडचण. शोभनाताईंना डबा हवा होता. सातही वाट्यांतले स्क्रू त्यांनी एका पिशवीत ओतले आणि डबा घासून ठेवला. मी म्हटलं, ताई, हे काय केलंत! त्या म्हणाल्या, काल माझ्या आमटीत स्क्रू लागला दाताला, तो पण पिशवीत टाकलाय, मोजून घे.

काळजी नाही. स्क्रू म्हणजे स्क्रू.

२४ मे, शनिवार

यशस्वी! काकांचा फोन उघडला, जुनी बॅटरी न फाटता निघाली, नवी अगदी आपल्या जागी बसली. चालू केला. शंभर टक्के! स्क्रीनवर आशाचा फोटो. मी सृष्टीला मिठी मारली. ती म्हणाली, ओके, आय टेक इट बॅक.

एक स्क्रू गडगडत पलंगाखाली गेला, तो मिळेना. पिशवीतला दुसरा घेतला. थोडा लांब होता. नीट जाईना, म्हणून जोर लावला. गेला.

स्क्रीन जरा काळी झाली आहे. दमली असेल. सकाळपर्यंत राहू देते.

२५ मे, रविवार. सकाळ

काळीच आहे.

त्या एका लांब स्क्रूने आत काहीतरी तोडलं असं सृष्टीचं इंटरनेट म्हणतं. बॅटरी मात्र उत्तम आहे. फोन वाजतो, थरथरतो, फक्त दिसत नाही.

सृष्टी आईबाबांकडे अबू धाबीला निघाली. तिचा फोन मागायचं ती गेल्यावर लक्षात आलं. काका साइटवरून थेट चारला येणार. त्यांना कळवायला माझ्याकडे फोन नाही, आणि असता तरी त्यांचा इथेच आहे.

२५ मे, रविवार. संध्याकाळ

सविस्तर लिहायला हवं.

काका पावणेचारलाच आले. पिस्ता शर्ट, केसांना तेल, बरोबर आम्हा सगळ्यांसाठी लाडवांचा डबा. दे गो बाय, म्हणाले. मी फोन दिला. त्यांनी तो उंच धरला, शर्ट दिसेल असा, आणि काळ्या काचेकडे बघून हसले. मग हळूच म्हणाले, लागला नाय काय अजून?

फोन त्यांच्या हातात थरथरायला लागला. आशाचा कॉल. उचलायचं बटण कुठे आहे ते दिसेना. दोघांनी सगळीकडे बोटं फिरवली. थरथर थांबली. परत सुरू झाली. परत थांबली.

मी बॅटरी शंभर टक्के असल्याचं सांगितलं. काका म्हणाले, आसां दे, आसां दे. पण डबा त्यांनी खाली ठेवला.

तेवढ्यात शोभनाताई ड्यूटीवरून आल्या, युनिफॉर्ममध्येच. आमची तोंडं बघितली, काय ते समजल्या. पर्समधून फोन काढला. नंबर सांगा, म्हणाल्या. काकांना एकच नंबर पाठ होता, घरच्या मोबाइलचा. तो लागला.

अंगठीला उशीर झाला होता, कारण आशा हटून बसली होती: बाबा दिसल्याशिवाय नाही. इकडून ताईंनी सगळं हातात घेतलं. अहो, कॅमेरा पुसा आधी, धूर दिसतोय! मुलाकडच्यांनी सरका जरा, वडिलांना मुलगी दिसू दे! मिरजेच्या बाईने आमच्या वाडीला पंधरा मिनिटांत ओळीत उभं केलं. फोन ताईंनीच उंच धरला, चव्वेचाळीस डिग्रीत, सकाळची ड्यूटी करून आलेल्या हातांनी. पूर्ण शर्ट दिसला. अंगठी घातल्यावर आशा म्हणाली, बाबा, रंग छान आहे. काकांनी शर्टाची कॉलर डोळ्यांना लावली.

मी लाडू वाटले. अख्ख्या शेडमध्ये चालू असलेला एकमेव फोन विरोधी पक्षाचा होता. सभासद न झालेला.

ताईंनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, कालवण राहिलंय हां तुझ्याकडे.

१ जून, रविवार

सर्वसाधारण सभा. उपस्थिती चार, शोभनाताई निमंत्रित. एकूण उत्पन्न वाचून दाखवलं, शून्यं वाचताना काकांनी दोनदा खजूर घेतला. संस्था अवसायनात काढण्याचा, म्हणजे गुंडाळण्याचा, ठराव एकमताने मंजूर. अनुमोदन मीच दिलं. अभ्यासिकेसाठी पतपेढीत खातं उघडून दर महिन्याला पैसे भरायचं ठरलं. सृष्टी म्हणाली, फायनली, समथिंग विथ अ पासबुक.

काकांनी जहूरभाईंकडून दुसरा फोन घेतला आहे. त्यावर काच लावायची राहिली होती. मी म्हटलं, द्या, दोन मिनिटांत लावते. काकांनी फोन खिशात घातला आणि खिशावर हात ठेवला. तू शिकलेली गो बाय, म्हणाले, तू कशाला असली कामं करतेस?

मग म्हणाले, लग्न डिसेंबरात आहे. रजेचा अर्ज इंग्रजीत लिहून हवा, आत्तापासून दिला तर मिळेल. आमच्या वाडीत तसा अर्ज लिहिणारी तूच. नुसता लिही. दुसरं काय करू नको.

अर्ज लिहिला. दुसरं काही केलं नाही.