ओढ्याकाठचा हक्क आणि माझा तवा

डॉसन, सप्टेंबरअखेर

ती. अगाथाताईस,

धाकट्या ऑर्विलचा लांबूनच नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण ही झोपडी इतकी आखूड आहे की पाय थेट ओढ्यात जातील.) तुझा गुडघा जिना चढू देतो का? मांजराची सर्दी गेली का? माझी तब्येत ठणठणीत आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण नदी गोठण्याआधीच्या शेवटच्या बोटीने मी आलो नाही म्हटल्यावर तुला आधी काळजी वाटेल आणि मग राग येईल. काळजी सोड. राग ठेवलास तरी चालेल, पण हे पत्र आणणाऱ्या म्हाताऱ्यावर काढू नकोस. त्यांना स्वयंपाकघरात बसवून काहीतरी खायला दे, म्हणजे तुला निवांत वाचता येईल.

झालं असं. तीस वर्षं बोटीवर स्वयंपाक करून निवृत्त झालो, तुझ्याकडे व्हँकुव्हरला कायमचं यायचं ठरलं, तिकीट काढलं, सगळ्यांचे निरोप घेतले. निरोप घ्यायचे राहिले एकटे कॉर्नेलियस पायक (म्हणजे आता तुझ्या स्वयंपाकघरात बसलेले). बोट सुटायला चार दिवस होते, म्हणून शिदोरी बांधून बहिऱ्या अस्वलाच्या ओढ्यावर गेलो. तिथली पाचशे फूट काठाची खडी धुऊन सोनं काढायचा हक्क गेली बावीस वर्षं त्यांच्या नावावर. बघतो तर पायक हद्दीच्या खुंटावर ‘विकणे आहे’ची पाटी ठोकताहेत. मी सहज म्हणालो, “हे दगडगोटे घेणार कोण?” ते म्हणाले, “तू नाही. तुला सूप ढवळण्यापलीकडे काय कळतंय?” ताई, तू मला लहानपणापासून ओळखतेस. असं कुणी म्हटलं की माझं काय होतं ते तुला सांगायला नको.

आमच्याकडची रीत अशी, की घेणाऱ्याने हवी तिथली खडी उचलून आपल्या हाताने धुवायची, आणि विकणाऱ्याने पाइप विझवून तीस पावलं लांब बसायचं. (पाइपच्या राखेतून खडीत हळूच सोन्याची भुकटी पाडणारे महाभाग मी स्वतः जेवू घातलेत.) मी त्याहून हुशार. पायकांच्या खडी धुवायच्या भांड्याला हातसुद्धा लावला नाही. शिदोरीबरोबर नेलेला माझा खोलगट बीडाचा तवा काढला आणि सात ठिकाणची खडी सात वेळा धुतली. कण नाही. पायकांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं.

पण मी तिथे बसून राहिलो. पाणी गार होतं, झाडं पिवळी झाली होती आणि तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी जेवणाची घंटा वाजवत नव्हतं. मला तिथून हलावंसं वाटेना. ताई, तू मायेने बोलावलंस, पण तुझ्या खिडकीत बसून नुसतं म्हातारं व्हायची मला भीती वाटत होती. हे तुला तोंडावर सांगायची छाती झाली नाही. पायकांना काय हवं विचारलं, तर म्हणाले, समुद्र बघायचाय. खिशात तुझ्याकडे यायचं तिकीट होतं. ते दिलं आणि बिनसोन्याचा ओढा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करत होतो. पायक तव्याकडे टक लावून बघत बसले.

“काल ह्यातच धुतलंस?”

“हो.”

“आणि तळतोस काय ह्यात?”

“डुकराचं मांस. तीस वर्षं तेच तळतोय.”

म्हातारा हसत हसत बाकावरून खाली आला. “अरे गाढवा! तेलकट भांड्यात बारीक सोनं तरंगतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं! सात तवे सोनं ओढ्याला परत दिलंस की रे!”

तवा चुलीत लाल होईपर्यंत तापवला, निववला, पुन्हा खडी धुतली. तळाशी पिवळी बारीक रेघ! मी आनंदाने ओरडलो आणि लगेच जीभ चावली. म्हाताऱ्याचं सोनं मी फुकटात लाटलं होतं. म्हटलं, तुमचा ओढा परत घ्या, तिकीट माझं मला द्या. जीव मुठीत धरून उभा राहिलो. पायकांनी एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा तिकिटाकडे. म्हणाले, “सोनं बावीस वर्षं बघितलं. समुद्र एकदाही नाही.” मी त्यांच्या टकलाचा मुका घेतला. (त्यांना विचारू नकोस, लाजतात.)

तुझा अपराधी, पण फार फार सुखी भाऊ,
ऑर्विल

ता. क. माझ्यासाठी तयार ठेवलेली खोली पायकांना दे, हिवाळ्यापुरतीच. घोरतात, पण लाकडं छान फोडतात.

ता. क. २ आता खरं काम. कचेरीत ओढ्याचा हक्क तुझ्या-माझ्या दोघांच्या नावावर लावलाय. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. जूनच्या पहिल्या बोटीने ये. एवढा आनंद एकट्याला झेपत नाही गं.

ता. क. ३ आतापर्यंत निघालेलं सगळं सोनं ह्या पत्राच्या घडीत ठेवलंय. घडी टेबलावर, श्वास रोखून, अगदी सावकाश उघड. आधीच झटकून उघडली असशील, तर मात्र जूनमध्ये तुला यावंच लागेल.