तळ्याबाहेरचे तीन मासे

१२ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

सवयीनं आधी 'सौ.' लिहून गेलो होतो, ते खोडलं आहे. डाग दिसेल, मनावर घेऊ नका. दादाला जाऊन तीन महिने झाले, पण हाताला अजून कळलेलं नाही.

दादाचे तिन्ही जपानी कोई मासे काल दुपारी सुखरूप पोचले. तळ्यात मात्र सोडलेले नाहीत. पडवीत मोठी टाकी मांडून तिच्यात ठेवलेत. चार आठवडे तिथेच राहतील. नवा मासा वरून कितीही धडधाकट दिसला, तरी पोटात काय घेऊन आलाय ते कुणाला दिसतं? माझ्या तळ्यात चोवीस आहेत, सगळ्यात म्हातारा एकोणीस वर्षांचा. तुमची जाऊ गेल्यापासून घरात माझी वाट बघणारे तेवढेच.

टाकीची जाळी वेगळी, बादली वेगळी. हात दर वेळी साबणानं धुतो, बोटांची सालं निघालीत. दिवसातून पाच वेळा दोन्हीकडचं पाणी किती ऊन आहे ते मोजतो. टाकी नवी, पाणी लवकर खराब होतं, म्हणून रोज चार बादल्या काढा, चार भरा. जन्मभर लोकांचे पंप दुरुस्त केले आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी हातानं पाणी उपसतोय. कंबर मोडली.

लोभ वाढवायची ताकद आता दोघांतही नाही, आहे तेवढा सांभाळा.

आपला,
धाकटा दीर


२० मार्च

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

चार आठवडे! मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला उंबरठ्यावर चार मिनिटंही थांबवलं नव्हतं, आणि पोटात काय घेऊन आलीस म्हणून आजवर कुणी विचारलं नाही. तुमचे दादा म्हणायचे ते खरं, धाकट्याकडे काळजी नसली तर तो शेजारून उसनी आणेल.

घर नव्या मालकांच्या ताब्यात गेलं. मी लेकीकडे आले, चौथ्या मजल्यावर. तळं परवा बुजवलं म्हणे. बघायला गेले नाही. यांची एकच इच्छा होती, मासे तुमच्या तळ्यात तुमच्या माशांबरोबर पोहावेत. शेवटच्या आठवड्यात दोनदा बोलले. तेव्हा फार ताणू नका. सोडा, आणि सोडल्याचं दोन ओळींत कळवा, म्हणजे मी मोकळी झाले.

गोळ्या वेळेवर घ्या. माझे आशीर्वाद आहेतच, पण ते गोळ्यांऐवजी चालत नाहीत.

तुमची,
वहिनी


२ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

माशांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी विचारलं, ज्या तळ्यातून हे आले तिथं वर्षभरात काही मासे मेले का. मी म्हणालो, मेले असते तर वहिनींनी कळवलं असतं. मग ते म्हणाले, तरी आपल्या तळ्यातला एक मासा यांच्यात सोडा आणि पाणी ऊन ठेवा. आजार लपलेला असेल तर तो मासा आधी पडेल.

पण द्यायचा कोणता? शेवटी बोक्याला दिला. एका डोळ्यानं अधू आहे, काठाशी येऊन मिशा हलवत बसतो, म्हणून तुमच्या जावेनं ठेवलेलं नाव. ती असती तर मला घरात घेतलं नसतं.

आता माझं पाप सांगतो. डॉक्टरांसमोर मी टाकीतला तापमापक काढला, सदऱ्याला पुसला आणि तळ्यात बुडवायला गेलो. त्यांनी माझं मनगटच धरलं. बावीस दिवस, रोज पाच वेळा, मीच इकडचं पाणी तिकडे नेत होतो. तापमापकही दोन हवेत हे डोक्यात आलं नाही. काळजीनंच घात केला. डॉक्टर म्हणाले, थेंबाथेंबानं बहुतेक काही होत नाही. 'बहुतेक' ऐकून मी काठावर बसलोय आणि तेवीस मासे मोजतोय. ते हलतात, पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

पत्र पाठवा, नुसतं खुशालीचं असलं तरी चालेल.

आपला,
धाकटा दीर


९ एप्रिल

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

बोक्याचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तळ्यात आठ दिवसांत सात मासे मेले. हे तिघं त्या दुखण्यातून उठलेले. यांनी मला शपथ घातली होती, धाकट्याला सांगू नकोस, तो ठेवून घेणार नाही. मीही गप्प बसले, कारण दुसरं दार नव्हतं. पण जावेच्या माशाचा बळी जाताना तोंड मिटून बसायला जमत नाही.

शिव्या द्यायच्या तर पत्रात द्या. इथं फोन सगळ्यांसमोर घ्यावा लागतो.

आशीर्वाद द्यायला आज लाज वाटते.

वहिनी


३० एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे लिहिलं नाही, राग होता. दादावर जास्त. तो मेला म्हणून भांडताही येत नाही.

बोका जिवंत आहे. तळ्यातले तेवीस आज सकाळी तेवीसच भरले. पण डॉक्टरांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, दुखण्यातून उठलेला मासा ते दुखणं जन्मभर आत बाळगू शकतो, आणि पाणी ऊन झालं की कधीतरी दुसऱ्याला देतो. आज बोका धड आहे म्हणून पुढच्या वर्षी असेलच असं नाही. पाण्यात लवंगेचं तेल घालून तिघांना कायमचं झोपवता येईल, असंही ते हळूच म्हणाले. मी नको म्हटलं.

तेव्हा दादाचे मासे माझ्या तळ्यात कधीच जाणार नाहीत. त्याची इच्छा मी मोडली, तुम्ही नाही, हे मनाशी पक्कं धरा. बोक्यालाही आता परत नेता येणार नाही. घरामागे गवंड्याकडून दुसरा हौद बांधून घेतोय. दोन पाणी, दोन जाळ्या, दोन तापमापक आणि म्हातारा एकच. किती दिवस रेटेल ते रेटेल.

एक अडचण आहे. सात आठवडे झाले, तिघं माझ्यासमोर खात नाहीत. दाणे टाकून मी आत वळलो की मग वर येतात. दादा त्यांना हाक मारायचा का? टाळी वाजवायचा, की काठावर बोटं आपटायचा? तुम्ही खिडकीतून बघत असाल. आठवून लिहा. हेही सांगू नकोस अशी शपथ त्यानं घातली असेल, तर ती मोडा.

माझा राग पुरता ओसरेपर्यंत लोभ तुमच्याकडून चालू द्या.

आपला,
धाकटा दीर